प्रमाण आणि परिमाण : घारापुरी, अजिंठा आणि आजची स्मारके यांच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेली नर्तकीची कांस्यमूर्ती आणि घारापुरीच्या मुख्य लेण्यातील, ‘त्रिमूर्ती’ या नावाने रूढ झालेली सदाशिवमूर्ती या दोन कलाकृती भारतीय कलेच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत हटकून भेटतात. पहिलीची उंची सुमारे साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर उभी राहील एवढी. दुसरीची सुमारे साडेपाच मीटर. उंचीतील हे अंतर पन्नास पटींहून अधिक आहे. परंतु पुस्तकात दोन्ही मूर्तींच्या वाट्याला अर्धे अर्धे पानच येते. विद्यार्थ्याच्या मनात त्या सारख्याच आकाराच्या होऊन बसतात. छायाचित्राखाली उंचीचा आकडा छापलेला असला तरी तो परीक्षेपुरता पाठ होतो, अनुभवाचा भाग होत नाही.

छायाचित्रात काय टिकते आणि काय हरवते, हा प्रश्न वरवर दिसतो त्यापेक्षा मूलभूत आहे. नर्तकीच्या हातापायांची तिच्या धडाच्या मानाने असलेली अतिरिक्त लांबी छायाचित्रातही तशीच राहते. सदाशिवाच्या मधल्या मुखाचे त्याच्या जटामुकुटाशी असलेले नातेही तसेच राहते. हरवते ते त्या मूर्तीचे पाहणाऱ्याच्या देहाशी असलेले नाते. पहिल्या प्रकारच्या नात्याला ‘प्रमाण’ आणि दुसऱ्या प्रकारच्या नात्याला ‘परिमाण’ असे म्हणता येईल. प्रमाण हे कलाकृतीच्या एका भागाचे दुसऱ्या भागाशी आणि समग्राशी असलेले गुणोत्तर होय. परिमाण हे कलाकृतीचे तिच्याबाहेरील कशाशी तरी, म्हणजे माणसाच्या उंचीशी, दाराशी, भिंतीशी, डोंगराशी असलेले मोजमाप होय. मराठी कलासमीक्षेत मात्र ‘प्रमाण’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वावरतो आणि ‘प्रमाणबद्ध’ हे विशेषण तर सरसकट प्रशस्तीसाठी वापरले जाते. मोठ्या आकाराबद्दल बोलायचे झाले की ‘भव्य’ हा शब्द येतो व तेथे विचार थांबतो. या शब्दगोंधळाची किंमत केवळ परिभाषेपुरती नाही. आज उभारल्या जाणाऱ्या स्मारकांबद्दल समीक्षेला फारसे काही बोलता येत नाही, याचे एक कारण येथेच आहे.

सौंदर्यविचारातील एक रिकामी जागा

मराठीतील सौंदर्यविचाराची जडणघडण पाहिली तर या दुर्लक्षाचे मूळ काही अंशी सापडते. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये मांडलेला लयसिद्धान्त हा घटकांच्या परस्परसंबंधांचा सिद्धान्त आहे. संवाद, विरोध आणि समतोल या तिन्ही लयी कलाकृतीच्या अंतर्गत संबंधांविषयी बोलतात. या सिद्धान्ताने मराठी समीक्षेला आशयनिष्ठ, बोधवादी चर्चेतून बाहेर काढले, हे त्याचे ऋण निर्विवाद आहे. परंतु अंतर्गत संबंध हे आकार बदलला तरी बदलत नाहीत. एखादी लय साडेदहा सेंटिमीटरमध्ये सिद्ध झाली तर ती साडेपाच मीटरमध्येही तितकीच सिद्ध ठरेल. किंबहुना दोहोंत भेद करण्याचे साधनच या सिद्धान्तात नाही. मर्ढेकर मुख्यतः साहित्याच्या दिशेने निघाले होते आणि कवितेला सेंटिमीटर नसतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही उणीव समजण्यासारखी आहे. ती तशीच दृश्यकलेच्या चर्चेत उतरली, हे मात्र समर्थनीय नाही.

वास्तविक दुसरी वाट उपलब्ध होती. अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात सौंदर्यासाठी सुव्यवस्थेबरोबर आकारमानाचीही अट घातली आहे : अतिसूक्ष्म प्राणी नजरेत सापडत नाही म्हणून सुंदर नाही, आणि हजार मैल लांबीचा प्राणी एका नजरेत मावत नाही म्हणून सुंदर नाही. विंदा करंदीकरांच्या अनुवादामुळे हा ग्रंथ १९५७ पासून मराठी वाचकाच्या हाती आहे. कान्टने उदात्ताची मीमांसा करताना पिरॅमिड फार जवळून किंवा फार दुरून पाहू नयेत, या प्रवाशाच्या निरीक्षणाचा आधार घेतला आहे. दोन्ही ठिकाणी आकार हा पाहणाऱ्याच्या नजरेच्या आवाक्याशी जोडलेला आहे. रा. भा. पाटणकरांनी कान्टचा सांगोपांग परिचय मराठीला करून दिला. तरी त्यातील हा धागा मूर्ती आणि चित्रे यांच्या प्रत्यक्ष समीक्षेपर्यंत फारसा पोहोचला नाही.

बृहत्संहितेतील दोन मोजपट्ट्या

भारतीय शिल्पपरंपरेचा उल्लेख निघाला की यशोधराच्या टीकेतील चित्राची षडंगे आणि त्यांतील ‘प्रमाण’ हे अंग सांगितले जाते. त्यापाठोपाठ तालमानाची कोष्टके येतात. एक ताल म्हणजे बारा अंगुळे, नवताल मूर्ती १०८ अंगुळांची, उत्तम दशताल १२४ अंगुळांची, अशी ही मांडणी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पुरुषांचे पाच प्रकार कल्पून त्यांना अनुक्रमे १०८, १०६, १०४, १०० आणि ९० अंगुळांची उंची देते. ही सारी प्रमाणाची भाषा आहे. परंपरेला केवळ तेवढेच ठाऊक होते असा समज यातून होतो, आणि तो चुकीचा आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील प्रतिमालक्षणाचा अध्याय या दृष्टीने लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. त्याचा आरंभ जाळीतून आलेल्या उन्हात तरंगणाऱ्या सूक्ष्मतम कणापासून होतो. त्याला परमाणू म्हणावे. तेथून आठपटीने वाढत रज, केसाचे टोक, लीख, ऊ, यव आणि अखेरीस अंगुळ. मोजमापाची सुरुवात डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गोष्टीपासून करणे, म्हणजेच दृष्टीच्या मर्यादेपासून करणे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. त्यानंतर लगेच मूर्तीची उंची येते आणि ती मूर्तीवरून नव्हे तर देवालयाच्या दारावरून ठरते. दाराच्या उंचीतून आठवा भाग वजा करावा. उरलेल्याचे तीन भाग करून एक भाग पिंडिकेला, दोन भाग मूर्तीला द्यावेत. दार ९६ अंगुळांचे असेल तर वजाबाकीनंतर ८४ उरतात; त्यांतील २८ पिंडिकेची आणि ५६ मूर्तीची. ही उंची एकदा निश्चित झाली की मगच तिचे मूर्तीच्या ‘स्वतःच्या’ अंगुळांत विभाजन होते. मुख बारा स्वांगुळांचे. त्याची लांबी नग्नजिताच्या मते चौदा. येथून पुढे बाहेरच्या मापाचा संबंध नाही.

म्हणजे एकाच अध्यायात ‘अंगुळ’ या एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. एक जगातले, सर्वांना समान असलेले अंगुळ. दुसरे त्या त्या मूर्तीचे, तिच्याबरोबर लहानमोठे होणारे अंगुळ. पहिल्याने परिमाण ठरते, दुसऱ्याने प्रमाण. आणि क्रमाने परिमाण आधी येते. दार हे माणसाच्या ये-जा करण्यासाठी असते. त्याच्या मापात माणसाची उंची गृहीत असते. दारातून उभ्या असलेल्या भक्ताला मूर्ती कशी दिसेल, याची काळजी या नियमात आहे. मूर्तिशास्त्राच्या आधुनिक अभ्यासाने या अध्यायातील आयुधे, भुजा आणि मुकुट यांची यादी जितक्या आस्थेने उचलली तितक्या आस्थेने हे गणित उचलले नाही.

घारापुरी : देह सोडून मुख

वराहमिहिर सहाव्या शतकातला आणि घारापुरीचे मुख्य लेणेही सर्वसाधारणपणे त्याच शतकाच्या मध्याचे मानले जाते. त्या लेण्याच्या शिल्पकारांनी बृहत्संहिता वाचली होती असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. पण दोन मोजपट्ट्यांचा भेद त्यांच्या हातात किती पक्का होता, हे दक्षिणेकडील भिंतीवर दिसते.

या भिंतीवर तीन मोठे शिल्पपट शेजारीशेजारी आहेत : मध्ये सदाशिव, त्याच्या पूर्वेस अर्धनारीश्वर, पश्चिमेस गंगाधर. तिन्ही पटांची उंची साधारणपणे सारखी आहे, कारण लेण्याचे छत तिन्हींना समानच आहे. अर्धनारीश्वर आणि गंगाधर या मूर्ती पूर्णदेह आहेत आणि त्या स्वतः माणसाच्या तिप्पट उंचीच्या जवळ जातात. त्यांच्याभोवती देव, गण, विद्याधर लहान आकारात आहेत. या पटांत आकाराचे श्रेष्ठकनिष्ठत्व पटाच्या आतच दाखविलेले आहे. कोण मोठा आणि कोण लहान, हे शेजारच्या आकृतीवरून कळते. मधल्या पटात मात्र शिल्पकाराने देहच सोडून दिला. छातीपर्यंतच्या भागाने पटाची संपूर्ण उंची व्यापली. हेच मुख ठेवून तालमानाप्रमाणे नऊ किंवा दहा मुखांची पूर्ण मूर्ती कोरायची ठरविली असती तर ती या लेण्यात मावलीच नसती. पूर्ण मूर्ती मावायची असती तर मुख शेजारच्या अर्धनारीश्वराच्या मुखाएवढे लहान करावे लागले असते. प्रमाण की परिमाण, असा प्रश्न खडकानेच विचारला आणि त्याचे उत्तर परिमाणाच्या बाजूने दिले गेले.

गंमत अशी की, प्रमाण सोडले मात्र नाही. मुखांचे, कंठाचे, खांद्यांचे, छातीजवळ आलेल्या हातांचे परस्परमान इतके निश्चित आहे की उरलेला देह पाहणाऱ्याच्या मनात आपोआप मोजला जातो. तो देह जमिनीखाली, खडकात असलाच पाहिजे असे वाटत राहते. दिसत असलेली मूर्ती साडेपाच मीटरांची. सुचविली जाणारी मूर्ती त्याच्या काही पटींची. आतील गुणोत्तरांच्या बळावर न कोरलेल्या आकाराची जाणीव करून देणे, हे या मूर्तीचे खरे बळ आहे. तिला ‘भव्य’ म्हणून पुढे जाणारे वर्णन नेमके हेच गमावते. शेजारचे गंगाधर आणि अर्धनारीश्वर नसते तरी ही मूर्ती मोठीच दिसली असती. पण पूर्ण देहांच्या मध्ये अर्धाच देह ठेवल्यामुळे मुखाचे परिमाण जी उडी घेते ती दिसली नसती.

उत्तरेच्या प्रवेशाकडून आत येणाऱ्या प्रेक्षकाला ही मूर्ती लांबवर, समोर, अंधारात दिसते. (मूळचा मुख्य प्रवेश पूर्वेकडून असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे, तसे असल्यास भक्त प्रथम चार दारांच्या लिंगगृहाकडे चालत जाई आणि सदाशिव त्याच्या डाव्या हाताला राही.) दोन्ही बाजूंना जाड, खाली चौकोनी आणि वर उशीसारख्या शीर्षाचे स्तंभ आहेत. मूर्तीचा आकार प्रथम कळतो तो या स्तंभांवरून. पावलागणिक स्तंभ मागे पडतात आणि मूर्ती वाढत जाते, ती मूर्तीपाशी पोहोचेपर्यंत. तेथे जोते असल्यामुळे प्रेक्षकाची मान वर जाते आणि तिन्ही मुखे एकदम नजरेत राहणे कठीण होते. मग डावीकडील उग्र अघोर, उजवीकडील कोमल वामदेव असे एकेक मुख वेगळे पाहावे लागते. दुरून एक असलेली मूर्ती जवळून तीन होते. हा अनुभव छायाचित्रकाराला एका चित्रात घेता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

अजिंठा : मोठे म्हणजे जवळचे नव्हे

चित्रात परिमाणाचा प्रश्न निराळे रूप घेतो, कारण तेथे चौकटीच्या आत दुसरे जग असते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात कपिलवस्तूला परतलेला, हाती भिक्षापात्र घेतलेला बुद्ध आणि त्याच्यासमोर यशोधरा व राहुल यांचे चित्र आहे. बुद्धाची आकृती प्रचंड, मायलेकरे अगदी लहान. मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेपासून रुजलेल्या यथार्थदर्शनाच्या शिक्षणाने आपल्या नजरेला अशी सवय लावली आहे की मोठे ते जवळचे आणि लहान ते दूरचे. त्या सवयीने पाहिले तर हे चित्र चुकीचे ठरते. ‘श्रेष्ठ व्यक्ती मोठी काढण्याची प्रथा’ असे सांगून त्याचे समर्थन केले जाते. ते खोटे नसले तरी अपुरे आहे. प्रथेने इतर चित्रेही काढली गेली, पण त्यांतील सर्वच मनाला अशी चटका लावत नाहीत. येथे यशोधरा एका पतीकडे पाहते आहे आणि तो आता पती राहिलेला नाही. राहुल आपल्या पित्याकडे वारसा मागतो आहे आणि समोर भिक्षापात्र आहे. जो सर्वांत जवळचा असायला हवा तो या दोघांच्या मापाचा उरलेला नाही, ही गोष्ट आकाराने सांगितली आहे. तिघेही एका मापाचे काढले असते तर चित्र अधिक ‘प्रमाणशीर’ झाले असते आणि प्रसंग नाहीसा झाला असता.

२६ क्रमांकाच्या चैत्यगृहातील महापरिनिर्वाणाच्या शिल्पाबाबत चर्चा बहुधा लांबीवर संपते : सुमारे सात मीटर. परंतु हे शिल्प डाव्या भिंतीवर, अरुंद मार्गिकेत आहे आणि मार्गिका व मुख्य दालन यांच्यामध्ये स्तंभांची रांग आहे. दालनातून पाहावे तर स्तंभ त्याचे तुकडे करतात; मार्गिकेत शिरावे तर मागे सरकायला जागा नाही. शांतपणे निजलेला हा देह एका नजरेत मिळतच नाही. प्रदक्षिणेच्या दिशेने जाणारा माणूस उशीवरल्या मस्तकापासून पायांपर्यंत त्याच्या कडेने चालतो, आणि खालच्या पट्ट्यात शोक करणारे शिष्य त्याच्याबरोबर असतात, त्याच्याहून लहान आकाराचे. अ‍ॅरिस्टॉटलचा आक्षेप येथे गैरलागू ठरतो. एका नजरेत न मावणे हा या कृतीचा दोष नाही. मृत्युशय्येच्या बाजूने चालत जाणे हेच तिचे दर्शन आहे.

वाढविणे म्हणजे काय

लहान नमुना करायचा आणि तो मोजून मोठा करायचा, ही आधुनिक स्मारकशिल्पाची सर्वमान्य पद्धत आहे. तिच्यामागे एक गृहीत आहे : प्रमाण सांभाळले की परिमाण कितीही बदलता येते. हे गृहीत दोन बाजूंनी कच्चे आहे.

पहिली बाजू भौतिक. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखविले की प्राण्याची उंची वाढली तर त्याच्या हाडांची जाडी त्याच प्रमाणात वाढवून भागत नाही. लांबी दुप्पट झाली तर छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते पण वजन आठपट. पुतळ्याचा घोटाही याला अपवाद नाही. आणि वारा तर पृष्ठभागावर आदळतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला सुमारे ३५ फुटी शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या जागी २०२५ मध्ये उभारलेला पुतळा त्याहून बराच उंच आहे. नवा पुतळा अधिक भक्कम असावा ही अपेक्षा रास्तच. पण तो अधिक उंच का असावा, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्याला कलेच्या अंगाने उत्तर देता आले पाहिजे.

दुसरी बाजू दृष्टीची. प्लेटोच्या ‘सोफिस्ट’ या संवादात प्रचंड कृती घडविणाऱ्यांविषयी एक तक्रार आहे : ते खरी प्रमाणे सोडून सुंदर भासतील अशी प्रमाणे योजतात, कारण वरचे भाग दूर असल्याने लहान आणि खालचे जवळ असल्याने मोठे दिसतात. प्लेटोला हे फसवेपण वाटले. शिल्पकाराला ते क्रमप्राप्त होते. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराकडे या दृष्टीने पाहता येते. चावुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविलेली ही सुमारे ५७ फुटांची मूर्ती मराठी वाचकाला परिचित आहे ती तिच्या पायांशी असलेल्या, मराठीतील अतिप्राचीन लेखांत गणल्या जाणाऱ्या ओळींमुळे. मूर्तीचे गुडघ्याखालील पाय देहाच्या मानाने आखूड आणि खांदे फार रुंद आहेत, हे अनेकांनी नोंदविले आहे. खडकाची मर्यादा हे त्याचे कारण असू शकेल. पण पायाशी उभे राहणाऱ्याला जवळचे पाय लांब आणि दूरचे खांदे अरुंद दिसतात, हेही तितकेच खरे. आणि त्या जागेवरून मूर्तीचा तोल बिघडलेला वाटत नाही. कागदावर दिसणारा दोष जागेवर दोष राहत नाही. तो योजलेला होता की साधला गेला, याचा निवाडा करण्याची गरज नाही.

नर्मदेच्या साधू बेटावरील १८२ मीटरांचा वल्लभभाई पटेलांचा पुतळा (अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८) हा या चर्चेत टाळता न येणारा विषय आहे. त्याचे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे, जे. जे. मध्ये शिकलेले, आणि १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्यात असताना वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केलेले. खडकातील परिमाण ज्यांनी हाताने जाणले अशा मोजक्या आधुनिक शिल्पकारांपैकी ते एक. गांधीसागर धरणाजवळील त्यांचे ४५ फुटी चंबळदेवीचे शिल्प धरणाच्या भिंतीशी बोलते. आईला बिलगलेली दोन मुले तिच्या उंचीला माप देतात. १८२ मीटरांना माप देणारे जवळपास काहीच नाही. चेहऱ्याचे साम्य, शालीच्या चुण्या, उभे राहण्याची ढब ही प्रमाणाची कामे तेथे निर्दोष आहेत, आणि तरी दुरून पाहताना तो पुतळा त्याच्या छोट्या प्रतिकृतीहून फारसा वेगळा अनुभव देत नाही. त्याची विशालता कळते ती आकड्याने, किंवा चरणांजवळ पोहोचल्यावर. आणि तेथे मुख दिसत नाही. उद्‌वाहनाने छातीच्या उंचीवरील दालनात गेल्यास धरण दिसते, नदीचे पात्र दिसते, भोवतीचे डोंगर दिसतात. पुतळा त्या वेळी पाहण्याची वस्तू राहत नाही, पाहण्याची जागा होतो. घारापुरीच्या शिल्पकाराने देह सोडून मुख राखले होते. येथे देह पूर्ण आहे आणि मुखाजवळ जाण्याचा मार्ग नाही.

पुण्यातील, वि. पां. करमरकरांनी घडविलेला आणि १९२८ मध्ये उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आजच्या उंचीच्या मोजणीत कोठेच बसणार नाही. त्याच्यासमोर उभे राहिले असता घोड्याच्या मानेचा ताण आणि स्वाराची बैठक एकाच नजरेत येतात, कारण नजरेला त्यासाठी लागणारे अंतर तेथे मिळते. नव्या स्मारकाच्या निविदेत उंची, धातूचे वजन आणि वाऱ्याचा वेग यांबरोबर ‘प्रेक्षक किती अंतरावर उभा राहील’ हा रकानाही असण्यास हरकत नसावी. अध्यापनाच्या बाबतीत तर उपाय जुनाच आहे. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या लेणीविषयक ग्रंथात छायेपेक्षा मापाला महत्त्व देणारे आराखडे आणि उभे छेद आहेत. त्या छेदांत माणसाची एक लहानशी आकृती काढून ते छायाचित्राशेजारी छापले, आणि नर्तकीच्या चित्रालगत एक तळहात रेखाटला, तर अर्ध्या पानाचे गणित बरेच सुधारेल.